शीर तुंबली की डोळा काय करतो

नमस्कार श्रोतेहो.

एका डोळ्याला अचानक धूसर दिसू लागतं. दुखत नाही, डोळा लालही नसतो, म्हणून माणूस चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत दिवस काढतो. डॉक्टर आत बघतात तेव्हा पडद्यावर रक्ताचे ओरखडे असतात. पडद्यातलं रक्त परत नेणारी शीर, म्हणजे नीला, तुंबलेली असते.

हे बहुधा रोहिणी, म्हणजे पडद्याला रक्त आणणारी वाहिनी, नीलेला ओलांडते तिथे घडतं. तिथे दोघींचं वेष्टन एकच. वर्षानुवर्षांच्या बीपीने रोहिणी कडक झाली की नीला दबते आणि गुठळी होते. धरणाच्या फुगवट्यासारखं रक्त मागे साचतं, केशवाहिन्या पाझरतात, पडद्याला सूज येते.

खरी गंमत पुढे आहे. मुळातच असलेल्या काही केशवाहिन्या हळूहळू, काही महिन्यांत रुंदावतात, नागमोडी होतात आणि अडलेलं रक्त शेजारच्या चालू शिरेत नेऊन सोडतात. वरची शीर बंद असली तर खालची मदतीला येते. मुख्य शीरच बंद पडली, तर नेत्रचेतेच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, तोंडाशी अशा वाटा रुंदावतात आणि रक्त पडद्यामागच्या थरातून बाहेर पडतं.

पण जिथे केशवाहिन्याच मेल्या, तिथला उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्यातून नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या फार नाजूक. डोळ्यात रक्तस्राव करतात त्या याच.

रुंदावलेल्या जुन्या वाहिन्या आणि या नव्या, नुसत्या नजरेला दोन्ही सारख्या वाटू शकतात. निवाडा अँजिओग्राफीत होतो. हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून फोटो काढतात. (नंतर लघवी पिवळीधमक होते, घाबरू नका.) रुंदावलेल्या जुन्या वाहिनीची कड फोटोत रेखीव राहते; नवीतून रंग गळतो आणि फोटो डागाळतो. लेसर करताना जुनीला धक्का लावायचा नसतो.

डोळ्यातली इंजेक्शनं व्हीईजीएफला आवरतात, सूज उतरवतात. गुठळी काढत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या तर चालूच.

मुख्य शीर बंद झालेल्यांनी पहिले काही महिने तपासणी अजिबात चुकवू नये. नव्या वाहिन्या बाहुलीच्या कडेवर आल्या तर अवघड काचबिंदू होतो. डॉक्टरांच्या बोलीत शंभर दिवसांचा काचबिंदू. या वाहिन्या थेंब घालून बाहुली मोठी करण्याआधीच बघाव्या लागतात, नंतर त्या सहज दिसत नाहीत. तेव्हा दवाखान्यात गर्दी असली तरी, ‘आधी थेंब घालून टाका’ असा आग्रह धरू नका.