बडोद्याहून ग्वाल्हेरला, मित्रांच्या घरांवरून

नमस्कार श्रोतेहो.

बडोद्याहून ग्वाल्हेर रस्त्याने साधारण साडेआठशे किलोमीटर, आणि मध्ये आपलं इंदूर. नेटाने गाडी हाकली तर दोन दिवसांत माणूस पोचतो. आम्हा उभयतांना आठवड्याच्या वर लागलं, कारण आमचा रस्ता पत्त्यांच्या जुन्या वहीतून निघालेला होता. जिथे मित्र किंवा मैत्रीण, तिथे मुक्काम. वाटेतलं एखादं देऊळ, एखादा किल्ला राहिला तर राहू दे, माणूस राहता कामा नये, एवढंच ठरवलं होतं.

ही सगळी बडोद्याच्या दिवसांतली माणसं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 सालचं. सत्तरच्या दशकात आम्ही तिथे शिकायला गेलो, तेव्हा इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर इथली मराठी मुलं-मुली वर्गात असायचीच. गायकवाड, होळकर, पवार, शिंदे यांच्या राज्यांतल्या घरांच्या सोयरिकी जुन्या. कुणाची मावशी, कुणाची आत्या दांडिया बाजारात राहायची, आणि तिचं लक्ष राहील म्हणून घरचे पोरीलाही एवढ्या लांब धाडायला तयार व्हायचे. शिक्षण संपलं आणि ज्याचा तो आपल्या गावी परतला. पुढे लग्नपत्रिका आल्या, मग मुलांच्या लग्नांच्या आल्या. आता फोनवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात. त्या चित्रांवर माझा राग नाही. पण त्यांच्यावरून माणूस कसा आहे ते कळत नाही, आणि हे मला या प्रवासात फार स्पष्ट दिसलं.

बडोद्याच्या मैत्रिणीने लीलो चिवडा बांधून दिला आणि पहाटेच निघालो. हालोलपर्यंत पावागड सोबत करतो. पुढे गोध्रा, मग दाहोद. दाहोद म्हणजे गुजरातची हद्द, ओलांडली की झाबुआ. दाहोदच्या मैत्रिणीचे यजमान रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिने अंगणात गोवऱ्या पेटवून पानिये केले होते. मक्याच्या पिठाचा गोळा रुईच्या दोन पानांत दाबायचा आणि निखाऱ्यावर ठेवायचा. पान करपून काळं झालं की आतलं शिजलं. ती चिमट्याने एकेक उलटायची, पान सोलायची, पिठावर उठलेल्या शिरांवर तूप सोडायची आणि आमच्या ताटात टाकायची. शेजारच्या भिल्ल बाईकडून शिकल्याचं तिने सांगितलं. आम्ही खोलीत एकत्र राहत होतो तेव्हा हिला चहाही धड येत नव्हता! त्या चुलीपाशी बसूनच तिने मुलाच्या आजारपणाचं सांगितलं. गेली दोन वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो, आणि त्यातलं अक्षरही मला ठाऊक नव्हतं.

झाबुआ सोडलं की चढ लागतो, माळव्याचं पठार जवळ येतं. धार जिल्ह्यात सरदारपूरच्या बाजूला मही नदीचा उगम आहे. ती आधी उत्तरेला राजस्थानात जाते, तिथे वळसा घेते आणि गुजरातेत उतरते. बडोद्याच्या नळाला आज बरंचसं तिचंच पाणी येतं. धारला एकच रात्र राहिलो. तिथली मैत्रीण निवृत्त शिक्षिका, तिने आग्रहाने किल्ल्यात नेलं. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म 1775 साली याच किल्ल्यातला. पण आमचं अर्धं लक्ष जुन्या गप्पांतच होतं. इंदुरात घरी येऊन कपडे धुतले, गाडीचं तेलपाणी केलं आणि पुढे निघालो.

देवासबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे. इंदूरहून तासाभराचं गाव. मध्ये क्षिप्रा ओलांडायची की माताजीची टेकडी दिसू लागते. इतकं जवळ, तरी मी कित्येक वर्षं तिथे उतरले नव्हते. तिथला आमचा वर्गमित्र गाण्याचा वेडा. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारपणात कोरड्या हवेसाठी 1948 साली देवासला आले आणि देवासचेच झाले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर. याने लहानपणापासून त्यांना समोर बसून ऐकलेलं. बडोद्यात असतानाही कुणी बेसूर गुणगुणलं तर हा उठून जायचा.

फोनवर तो अलीकडे फार कमी बोलायचा. ‘हो, हो, उत्तम, ठेवतो.’ आम्हाला वाटायचं, वयानुसार अलिप्त झाला. दारात त्याला मी हाक मारली तर त्याने पाहिलंच नाही. वहिनी म्हणाल्या, ‘उजव्या बाजूने बोला, तेही जवळून. फोनवर त्यांना काहीच कळत नाही, पण ते सांगू देत नाहीत.’

मी त्याच्या उजव्या हाताला खुर्ची ओढली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलले. सबंध दुपार बोलले. तो हसला, भांडला, आमच्या जुन्या प्राध्यापकांची नक्कल करून दाखवली. मग म्हणाला, ‘गाणं आता बाहेरून येत नाही गं, पण आतलं सगळं जागेवर आहे.’ आणि मांडीवर ताल धरून त्याने भूपाची एक बंदिश म्हटली. स्वर हलत होता, सम बरोबर पडली.

श्रोतेहो, म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. गाडी असेल, हातपाय चालत असतील, तर निघा. आधी कळवा, पण ‘साधं वरण-भात कर’ असंही बजावून सांगा. एक रात्र तरी राहाच. खरं बोलणं जेवणं आटोपल्यावर निघतं, नाहीतर सकाळच्या दुसऱ्या चहाला. तासाभराच्या भेटीत माणूस नुसता ‘बरं आहे’ म्हणतो. आणि आपल्या वयाच्यांनी अंधारात गाडी चालवू नये. आग्रा-मुंबई रस्ता आता रुंद झाला आहे, तरी शाजापूर, सारंगपूर, ब्यावरा, गुना अशी वाट लांबलचक आहे आणि संध्याकाळी गुरं रस्त्यावर बसतात. आम्ही शिवपुरीला थांबलो. तात्या टोप्यांना 18 एप्रिल 1859 रोजी जिथे फाशी दिलं, तिथे सकाळी फूल वाहिलं आणि निघालो.

ग्वाल्हेरची मैत्रीण लष्कर भागात वाड्यात राहते. गुडघ्यांमुळे वरचा मजला तिने बंद केला आहे. तिला मी देवासची हकिगत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, कारण तिचा समज होता की तो तिच्यावर रागावला आहे, आणि म्हणून तिनेही फोन करणं सोडलं होतं. रात्री तिने नातवाच्या वहीतली पानं फाडली आणि त्याला पत्र लिहायला बसली. सकाळी ते पाकीट तिने माझ्या हाती दिलं, टपालाने नको म्हणाली. परतीच्या वाटेवर मी ते देवासला पोचतं केलं. दिवाळीनंतर ती आगगाडीने इंदूरला येणार आहे, तिथून तिला गाडीने देवासला मी नेणार आहे. दाहोदच्या मैत्रिणीलाही बोलावलं आहे.

नमस्कार.