वेण्णेची उडी आणि आर्थर सीट

श्रोतेहो, नमस्कार. महाबळेश्वरला जाणार असाल तर पाऊस ओसरू द्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. पॉइंटांची यादी बाजूला ठेवा. मी दोनच जागा सांगेन: आधी लिंगमळ्याचा धबधबा, मग आर्थर सीट.

लिंगमळा पाचगणी रस्त्यावर, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. रस्ता सोडला की पायवाट झाडीत शिरते. जांभूळ, पिसा, अंजनी. वाऱ्यापावसाच्या माऱ्याने सगळी बुटकी राहिलेली, खोडांवर ओलं शेवाळ. क्विनीन हे हिवतापावरचं औषध मिळावं म्हणून इंग्रजांनी १८६०च्या दशकात इथे सिंकोनाचा वृक्ष लावून पाहिला. तो टिकला नाही. पुढे आवाज वाढत जातो आणि कठड्यापाशी वेण्णा नदी एकदम दिसते, सुमारे ५०० फूट खाली झेपावणारी. पाऊस थांबला तरी ती लगेच आटत नाही, कारण माथ्यावरचा जांभा खडक सच्छिद्र आहे. त्यात मुरलेलं पाणी खालच्या काळ्या कातळावर अडतं आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतं. माथ्यावर झाडी हवी ती यासाठीच. ती पाण्याला मुरायला उसंत देते. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

इथून निघालेली वेण्णा कण्हेर धरणातून साताऱ्याकडे जाते आणि संगम माहुलीला कृष्णेत मिसळते.

आता आर्थर सीट. वाटेत क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात जरूर थांबा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचा उगम तिथे मानतात. तिथून रस्ता दाट रानातून थेट कड्यावर निघतो. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव या जागेला मिळालं. पण तिथे उभं राहून नावापेक्षा दिशा बघा. एका बाजूला सावित्रीची खोल दरी, तिचं पाणी कोकणातून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात. दुसऱ्या बाजूला जोर गावाचं खोरं, ते कृष्णेचं. तिथलं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून, सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतं. सकाळी लिंगमळ्याला पाहिलेली वेण्णाही त्याच वाटेची.

धुकं दाटलेलं असेल तर लगेच परतू नका, तासभर बसा. वारा फिरला की दोन्ही खोरी मोकळी होतात. कठड्यापलीकडे मात्र जाऊ नका, ओला जांभा फार निसरडा असतो.