गठ्ठा सुटला पाहिजे
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[पूर्व भाग, सकाळ. यंत्रमागाचा आवाज आधी, चित्र नंतर.]

सोलापूरचा पूर्व भाग. इथनं सकाळी चालत गेलात की मागाची खटखट कानात घेऊनच पुढं जावं लागतं. चादर-टॉवेलचा धंदा पहिल्यासारखा राहिला नाही असं सगळेच म्हणतात, पण आवाज आहे अजून. दारात बाया बिड्या वळत बसल्यात, मजुरी हजारावर, हजार झाल्या की पैसे. यांची पोरं इथल्याच मराठी शाळेत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी-तेलुगू-कन्नड सगळी मिसळ, आणि घंटा झाली की मराठी.

हा दुसरीचा वर्ग. या बाई. नाव लावू नका म्हणाल्या, नाही लावलं.

[तळफळा, म्हणजे भिंतीला खालच्या बाजूला असलेला पोरांचा फळा. खडू धरलेला हात.]

बाई म्हणाल्या सत्तेचाळीस. पोरानं लिहिलं 74. आता हे बघून हसू येतं, पण ते पोरगं येडं नाही ओ. सात आधी ऐकला, सात आधी लिहिला, सरळ हिशोब. घरी आजी नलभै एडू म्हणते, आधी चाळीस मग सात, लिहितो तसंच. कन्नडमधे पण तोच क्रम. आपल्या मराठीतच उलटं. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात नेहमीच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एक दिवस या सतरंजीवर येऊन बसायला पाहिजे होतं, असं आमचं मत.

मग या पोरांच्या हातात द्यायचं काय? पुढची सगळी गोष्ट एवढ्याचीच आहे.

[टेबलावर पसरलेलं साहित्य, वरून शॉट.]

हे सगळं बाईंच्या कपाटातलं. चकचकीत तक्ते, प्लॅस्टिकचे मणी, वरून आलेली एक पेटी जिचं अर्धं सामान अजून पिशवीतच आहे, खेळण्यातल्या नोटा, चिंचोके, खराट्याच्या काड्या. बाईंनी काय केलं, दोन ढीग केले. ठेवायचं आणि नाही ठेवायचं. आमचा कॅमेरामन म्हणाला मॅडम तो रंगीत तक्ता राहू द्या, फ्रेममधे छान दिसतो. बाई म्हणाल्या, "छान दिसतो म्हणूनच नको. पोरं तक्त्यातला हत्तीच बघत बसतात की, आकडा कोण बघतंय."

आता हे नीट बघा. ही प्लॅस्टिकची दहाची पट्टी, दहा ठोकळे एकमेकाला कायमचे चिकटलेले. आणि हा दहा काड्यांचा गठ्ठा, रबर लावलेला. दिसायला दोन्ही एकच. बाईंनी पट्टी नाकारली. का, तर 42 मधनं 7 वजा करायला दिले की सुट्या काड्या दोनच आहेत, मग पोरगं एक गठ्ठा उचलतं, रबर काढतं, दहा काड्या मांडीवर सांडतात, आता झाल्या बारा, त्यातनं सात बाजूला. हातचा घेतला म्हणतात तो हा. प्लॅस्टिकची पट्टी सुटत नाही, ती द्यायची आणि बदल्यात दहा सुटे घ्यायचे, म्हणजे बाईंवर विश्वास ठेवून अदलाबदल करायची. गठ्ठ्यात पोरगं स्वतः बांधतं, स्वतः सोडतं. सत्तेचाळीस पण तसंच, डावीकडं चार गठ्ठे, उजवीकडं सात काड्या, तोंडानं काहीही म्हण, डोळ्याला चार आधी दिसतात.

नोटा नंतर. दहाची नोट एकच कागद असतो, त्यात दहा रुपये दिसत नाहीत, ते मानायचं असतं. म्हणून आधी काड्या, आठवडे गेले तरी चालतील, मग नोटा. बिडीचे कट्टे मात्र वर्गात नाही. पोरांना घरी ते सगळ्यात जास्त बघायला मिळतात, सोपं पडलं असतं, तरी नाही. बाई यावर जास्त बोलल्या नाहीत.

[जकार्डचे पत्ते, भोकांतून येणारा उजेड.]

हे कारखान्यातनं टाकून दिलेले जकार्डचे पत्ते. चादरीवरचं डिझाईन याच्यावर असतं, भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. खरं सांगायचं तर आम्ही याचं शूटिंग गरजेपेक्षा जास्त केलं, उजेडात झकास दिसतात. बाईंच्या लेखी तो फुकटचा पुठ्ठा. मागच्या बाजूला आकडे लिहून अंककार्डं केली, विषय संपला.

मोबाईलचं पण विचारलं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढं राज्याच्या पुस्तकांत ते आले. 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी उरलेल्या 9 फायनलिस्टना वाटून टाकले. बाईंना त्यांचा अभिमान आहे, पण त्यांच्या वर्गातल्या पोरांच्या घरी फोन एकच, आणि तो बापाबरोबर कारखान्यात. म्हणून दुसरीला काड्या.

[पत्र्याची जुनी पेटी.]

ही पेटी बाईंच्या गुरुजींची. बाई यांच्याकडंच शिकल्या, याच भागात. गुरुजी भेटले नाहीत, पेटी भेटली. चिंचोके त्यातलेच, काही इतके गुळगुळीत झालेत की बोटातनं निसटतात. गुरुजींची एक खोड होती, उत्तर बरोबर आलं तरी विचारायचे, कसं केलंस? बरोबर असलेलं पोरगं पण दचकायचं. आता बाईंना ऐका.

[बाईंचा वर्गातला मूळ आवाज: "बरोबर आहे. कसं केलंस सांग." पोरगी गठ्ठा परत बांधायला लागते.]

आमचं म्हणणं एवढंच की साहित्य निवडायचा हक्क या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला पाहिजे. पेट्या वर ठरतात, खाली येतात, सही घेतात आणि कपाटात जातात. खरेदीआधी अशा बाईंना कुणीतरी विचारावं, दुसरीला काय लागतं तुम्हाला?

वर्गातली बहुतेक पोरं आता सत्तेचाळीस नीट लिहितात, दोघं-तिघं अजून उलटं लिहितात, त्यांच्याजवळ बाई रोज बसतात.

पुढच्या वर्षी हाच वर्ग तिसरीला बाईंकडंच राहणार आहे. भागाकाराला काड्या पुरायच्या नाहीत म्हणून चिंचा फोडायच्या दिवसात चिंचोके जमवून ठेवा असं त्यांनी पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय, किडके आणायचे नाहीत.