बाळ काय घेऊन येतं, काय ऐकून शिकतं

नमस्कार मंडळी! समोर मांडीवर एवढी तान्ही बाळं दिसतायत, तर आज त्यांच्याबद्दलच बोलते.

"त्याला अजून काय कळतंय," असं आपण किती सहज म्हणतो. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या मानसशास्त्रज्ञांनी तीन दिवसही पूर्ण न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका तालात चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या तालात परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज येईल असं चोखू लागली. आता ही ओळख जन्मजात म्हणायची का? माझ्या मते नाही. पोटात असताना ऐकून झालेलं ते शिक्षण आहे.

काही समज मात्र फार लवकर दिसते. भरीव वस्तूतून दुसरी वस्तू आरपार गेल्यासारखी दाखवली, तर साडेचार महिन्यांचं बाळही तिकडे जास्त वेळ टक लावून बघतं, म्हणजे त्याला ते अनपेक्षित वाटतं, असं बॅयार्जन या संशोधिकेला आढळलं. पुढे २०१५ साली स्टाल आणि फायगेन्सन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांना भिंतीतून आरपार गेलेली गाडी दाखवली आणि मग तीच गाडी हातात दिली. बाळांनी ती आपटून पाहिली. ज्यांना गाडी हवेत तरंगताना दाखवली होती, त्यांनी ती खाली टाकून पाहिली! जे अपेक्षेबाहेर घडलं, नेमकं तेच तपासायचं. मला हा प्रयोग अतिशय आवडतो, कारण आधीची समज नव्या शिकण्याला कशी वाट दाखवते, ते इथे डोळ्यांना दिसतं.

आता आपल्या घरातली गोष्ट, म्हणजे भाषा. कॅनडात वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांचा कान मात्र त्या वयातही तयार होता. म्हणजे कान सगळ्यांसाठी उघडा असतो आणि जे रोज कानावर पडतं त्याकडे वळत जातो. नंतर शिकता येतंच, पण कष्ट जास्त पडतात.

मग बाळाच्या कानावर मराठी पडावी म्हणून मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून ठेवले तर? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, बोलणारी माणसं बसवली. बारा बैठकांत बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. तेव्हा लंगोट बदलताना, आंघोळ घालताना तुम्हीच बोला, बाळाकडे बघून बोला, आणि त्याने हुंकार दिला की थांबून उत्तर द्या.

घरात मराठी आणि बाहेर दुसरी भाषा, अशा दोन भाषांनी मूल गोंधळेल ही भीती मनातून काढून टाका. आणि कुणी त्याचे शब्द मोजायला सांगितले, तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा.