माचू पिचू: तिसरी वाट

(दृश्य: धुकं. पांढराशुभ्र पडदा. बसच्या काचेवरून ओघळणारे थेंब.)

पेरूतल्या माचू पिचूचा, इंका लोकांच्या जुन्या डोंगरी शहराचा, एक फोटो तुम्ही पाहिलेला आहे. दाताच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर, ट्रॅव्हल कंपनीच्या भिंतीवर, कुणाच्या तरी डीपीला. मागे हिरवा सुळका, पुढे छप्पर उडालेली दगडी घरं, कोपऱ्यात जमलंच तर एखादा लामा.

तो फोटो या फिल्ममध्ये नाही.

काढायचा राहून गेला असं नाही. तो जिथून दिसतो, ती वाट आम्ही घेतलीच नाही.

(दृश्य: बस वळणावळणांनी चढते. खाली नदी, नदीला चिकटून रेल्वेचे रूळ.)

खाली दिसतंय ते गाव आग्वास कालिएंतेस. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ गरम पाणी. गावात गरम पाण्याचे झरे आहेत. इथवर मोटारीचा रस्ता येत नाही. रेल्वेनं यायचं, नाहीतर रुळांच्या कडेकडेनं चालत. गावातून वर मात्र हा घाट आहे, १९४८ साली खुला झालेला. चारशे मीटरचा चढ, बसनं पंचवीसेक मिनिटं. वर पोचलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून २४३० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही पावणेआठशे मीटर वर.

घाटाला नाव आहे हायरम बिंगहॅमचं. येल विद्यापीठाचा हा प्राध्यापक २४ जुलै १९११ रोजी इथे आला आणि जगाला माचू पिचू ‘सापडलं’. त्याला वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा इथलाच शेतकरी होता. कुस्कोचा आगुस्तीन लिसार्रागा तर १९०२ मध्येच भिंतीवर आपलं नाव लिहून गेला होता. आणि बिंगहॅम पोचला तेव्हा इथल्या शेतांत पीक उभं होतं. दोन कुटुंबं इथे राहून ती कसत होती. शोध लागला तो असा.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. तिकिटाचं पान. बोट वर-खाली होतंय.)

आता तिकीट. २०१७च्या मध्यापर्यंत एकदा आत गेलं की दिवसभर मनाला येईल तसं हिंडता येत असे. आता नाही. जून २०२४ पासून तीन सर्किट, म्हणजे ठरवून दिलेल्या फेऱ्या, आहेत आणि त्यांत मिळून दहा मार्ग. तारीख निवडायची, आत जाण्याचा तास निवडायचा आणि मार्गही आधीच निवडायचा. तिकिटावर पासपोर्टचा नंबर छापून येतो. आत सगळीकडे बाण. मागे फिरायचं नाही. एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर पुन्हा आत नाही. आणि स्वच्छतागृह फाटकाच्या बाहेरच आहे, हे वर जाण्यापूर्वी लक्षात घेतलेलं बरं.

रविवारी सकाळी रायगड चढलेल्या माणसाला हे बाण कशासाठी, ते वेगळं सांगायला नको. दिवसाला इथे साडेचार हजार माणसं येतात, हंगामातल्या ठरावीक दिवसांत ५६००. बुटाखाली दगड झिजतो. सप्टेंबर २०२३ मध्ये झीज फार झाली म्हणून सूर्यमंदिर, कोंडोरचं मंदिर आणि इंतिवाताना हे तिन्ही भाग बंद करावे लागले होते. इंतिवाताना म्हणजे एकाच कातळातून कोरलेला सूर्याचा खांब. त्याचा एक कोपरा २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेन कोसळून उडाला. आमच्याच धंद्यातली माणसं. आज ट्रायपॉड आत नेता येत नाही. या फिल्मची चित्रं हलताना दिसली, तर समजून घ्या.

(दृश्य: कागदावर पेनानं काढलेला कच्चा नकाशा. तीन रेघा.)

पहिलं सर्किट वरच्या अंगानं जातं. कॅलेंडरमधला फोटो तिथला. पण ते शहरात उतरत नाही. शहर वरून पाहायचं आणि परत फिरायचं.

दुसरं म्हणजे ‘क्लासिको’. यात फोटोही मिळतो आणि शहरही: मुख्य दरवाजा, दगडाची खाण, तीन खिडक्यांचं मंदिर. साहजिकच सगळ्यांना हेच हवं असतं आणि सगळ्यात आधी हेच संपतं. आम्ही पाहिलं तेव्हा संपलेलंच होतं. दुसऱ्या दिवसाची हजारेक तिकिटं खाली गावात खिडकीवर मिळतात, पण तिथे कुठला मार्ग हाती लागेल ते रांगेतल्या नंबरावर.

तिसऱ्याचं नाव ‘रेआलेसा’, म्हणजे राजघराण्याचं. हे खालच्या अंगानं थेट शहरात शिरतं. सूर्यमंदिर, इंकाचा वाडा आणि पाणी. फोटो मात्र नाही. खालच्या पायऱ्यांवरून शहर दिसतं, पण कॅलेंडरमधल्यासारखं नव्हे.

तेव्हा आमच्यापुढे दोनच गोष्टी उरल्या. शहराशिवाय फोटो, किंवा फोटोशिवाय शहर. आमच्या कॅमेरामनचं मत पहिल्या वाटेला होतं. पुढचं सगळं चित्रण त्यानं रागातच केलंय. ते चांगलं उतरलंय.

(दृश्य: फाटक. पासपोर्ट पाहणारे हात. मग एकदम मोकळा हिरवा उतार.)

पेरूचे १५२ सोल, परदेशी प्रौढाचं साधं तिकीट. वायना पिचूचा सुळका किंवा माचू पिचूचा डोंगर चढायचा असेल तर २००. आम्ही दोन्ही चढलो नाही.

आत शिरताच ही शेतं लागतात. डोंगर कापून पायरीवर पायरी. आपल्याकडे यांना मजगी म्हणतात. बाण म्हणतो पुढे चला, आणि लोक जातात. शहर अजून यायचंय. तुम्ही मात्र इथे थोडं थांबा. हे शहर उभं आहे ते या पायऱ्यांवर.

(दृश्य: बांधाचे दगड, अगदी जवळून. फटीतून झिरपणारं पाणी.)

इथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटणार नाही. पण डोंगराचा हा खोगिरासारखा दांडा पाहा. दोन्ही बाजूंना कडे, अंगात भेगाळलेला ग्रॅनाइट, खालून ओढ घेणारी नदी. अशा जागी पाणी मुरून साचलं तर डोंगरच सुटून येतो. पंधराव्या शतकात, पाचाकुती या इंका राजाच्या काळात, हे उभं राहिलं. लोखंड नव्हतं. चाकाची गाडी नव्हती. आणि ते अजून जागेवर आहे.

का आहे, याचं उत्तर जमिनीखाली. अमेरिकन जल-अभियंता केनेथ राइट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो बालेन्सिया यांनी १९९४ पासून इथल्या पाण्याचा अभ्यास केला. मजगीच्या पोटात त्यांना थर मिळाले. तळाला मोठे दगड. त्यावर खडी. त्यावर रेताड माती. सगळ्यात वर काळी माती, पिकासाठी. पाऊस वरून येतो, थराथरातून गाळत खाली जातो आणि बांधाला धक्का न देता निघून जातो. शहरातल्या चौकांखालीही हीच रचना. दगड घडताना उडालेल्या कपच्यासुद्धा त्यांनी फेकल्या नाहीत, चौकाखाली भरल्या. या जागी घातलेल्या एकूण श्रमांपैकी सुमारे ६० टक्के श्रम जमिनीखाली आहेत, असा राइट यांचा अंदाज.

म्हणजे फोटोत दिसतं ते चाळीस टक्के.

(दृश्य: शेतं आणि घरं यांच्यामधला खोल, कोरडा दगडी चर.)

हा चर पुष्कळांना खंदक वाटतो. ही मोरी आहे. शहराची मुख्य मोरी. एका हाताला शेतं, दुसऱ्या हाताला घरं, आणि दोन्हीकडचं पाणी यातून खाली दरीत.

(दृश्य: पाण्याचा आवाज आधी. मग पन्हळ. मग धार.)

हे मात्र वेगळं पाणी. प्यायचं.

माचू पिचू डोंगराच्या उत्तर उतारावर एक झरा आहे. तिथून निघालेला हा दगडी पाट ७४९ मीटर चालत शहरात येतो. रुंदी म्हणाल तर वीतभरही नाही. झऱ्याला पाणी किती? कोरड्या दिवसांत मिनिटाला २३ लिटर, भर पावसाळ्यात १२५. पाट मात्र बांधलाय ३०० लिटरचा. पाट बांधणाऱ्यानं वाईटातला वाईट पावसाळाही हिशेबात धरला होता. हे पाणी शेताला जात नाही. शेताला पाऊसच पुरतो. ते फक्त माणसांसाठी.

आणि शहरात आल्यावर ते सोळा टाक्यांमधून एकाखाली एक उतरतं. आता ही धार नीट पाहा. कातळात कोरलेल्या पन्हळीतून ती सुटून पडते, भिंतीला चाटत नाही. अरुंद तोंडाचा मातीचा घडा खाली धरला की पाणी थेट तोंडात. इंकांचे घडे तसेच होते, खाली निमुळते, वर बारीक गळ्याचे. धारेचा आकार घड्याच्या गळ्यावरून ठरलाय.

(दोन सेकंद निवेदन नाही. फक्त धार.)

पहिलं टाकं कुठे आहे? राजाच्या वाड्याला लागून. झऱ्याचं ताजं पाणी आधी त्याला, मग त्याचं उरलेलं पुढच्याला, असं सोळाव्यापर्यंत. पाण्याची ही उतरंड आपल्या ओळखीची आहे.

(दृश्य: सूर्यमंदिराची गोल भिंत. खिडकी. खाली गुहेचं तोंड.)

शेजारी सूर्यमंदिर. आत जाता येत नाही. बाहेरून पाहायचं, तेही रांगेनं. खाली नैसर्गिक कातळ, आणि त्याच्या अंगावरून उठलेली ही गोलाई. कातळ कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते बोटानं दाखवणं अवघड. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड घासून बसवलेला. जून महिन्यात, दक्षिण गोलार्धातल्या सगळ्यात लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण या खिडकीतून आतल्या कातळावर पडतो. आम्ही जूनमध्ये गेलो नव्हतो.

इथून पुढची साधी घरं पाहा. त्यांचे दगड ओबडधोबड, फटींत माती. कोण कुठे राहत होतं, हे भिंतीवरून वाचता येतं.

(दृश्य: घरांच्या ओळी. रिकामे कोनाडे. एका दारातून दिसणारं दुसरं दार.)

वाटेचं नाव राजघराण्याचं असलं, तरी आसपासच्या गुहांत सापडलेली हाडं राजाची नाहीत. त्यांतल्या ३४ माणसांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सेवेतली माणसं होती. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणलेली, कुणी समुद्रकिनाऱ्याकडची, कुणी थेट अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली. राजा इथे अधूनमधून यायचा. बारा महिने राहायचे ते हे. घडे भरणारे हातही यांचेच असणार.

(दृश्य: जमिनीवर कोरलेली चोच आणि मानेभोवतीचा पट्टा. मागे दोन प्रचंड कातळ.)

कोंडोर, म्हणजे अँडीज पर्वतातलं मोठं गिधाड. चोच आणि मान माणसानं कोरलेली, पंख डोंगराचेच. जवळ जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आमची वेळ नव्हती. हे चित्र लांबूनच घेतलंय.

(दृश्य: गाव. दुकानं, हमाल, रेल्वेचं इंजिन.)

खाली गावाचं पोट या फाटकावर चालतं. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीकडे दिल्यावर लोकांनी रूळ अडवले, सप्टेंबर २०२५ मध्ये बसच्या कंत्राटावरून पुन्हा अडवले. दोन्ही वेळा प्रवासी अडकून पडले.

(दृश्य: पुन्हा वर. शेवटची मजगी. आभाळ भरून आलेलं.)

तिकिटाकडे परत येतो, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी जाणारच आहे. गुडघे दुखत असतील तर एक लक्षात ठेवा: या शहरात शंभराहून जास्त जिने आहेत आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही. काठी नेणार असाल तर टोकाला रबर हवं. सॅक लहान हवी. आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि दुसरं सर्किट मिळत असेल तर तेच घ्या, आम्ही कोण नको म्हणणार? ते नाही मिळालं, तर बहुतेक एजंट तुम्हाला पहिलं सुचवतील. फोटो मिळतो म्हणून. त्यांना विचारा, तिसरं शिल्लक आहे का. पुष्कळदा असतं.

(दृश्य: पाऊस. रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे रेनकोट. लोक दाराकडे धावतात.)

आमच्या वाटेची शेवटची वीस मिनिटं उरली असताना पाऊस आला. छत्री आत चालत नाही. कॅमेरामननं कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि बांधाला टेकून उभा राहिला. जमिनीकडे लेन्स करून. रखवालदार शिट्टी वाजवून पुढे चला म्हणतोय, ते ऐकू येईल.

हे गवत पाहत राहा. दहा मिनिटं मुसळधार पडलाय. कुठेही डबकं नाही.

(पावसाचा आवाज. लांब शिट्टी. बांधाच्या तळातून बाहेर येणारी बारीक धार, चित्र संपेपर्यंत.)