नाव उडालं

[दृश्य: बंद घरांची वाडी, पडवीत साचलेला पाचोळा]

दापोलीपासून मालवणपर्यंत कुठल्याही वाडीत शिरा, कुलूप लावलेली घरं दिसतील. माणसं मुंबईला, ठाण्याला, विरारला. घरपट्टी वेळेवर भरलेली, सातबाऱ्यावर नाव शाबूत. आणि मतदानाला खास रात्रीची गाडी पकडून आलेल्या चाकरमान्याला केंद्रावर ऐकावं लागतं, "तुमचं नाव उडालंय."

मताचा हक्क काढून घेणं याला इंग्रजीत 'डिसफ्रँचाइज' म्हणतात. 'डिसएनफ्रँचाइज' हे त्याचंच लांबलेलं रूप. मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'फ्रां' म्हणजे मोकळा माणूस, आणि त्याच्याही मागे फ्रँक लोकांचं नाव. त्यावरून 'फ्रँचाइज' म्हणजे मोकळीक, सूट, राजाने दिलेली सवलत. मध्ययुगात इंग्लंडच्या शहरांत हक्कदार नागरिकाला व्यापाराच्या काही सवलती असत. त्या काढून घेतल्या की तो माणूस 'डिसफ्रँचाइज' झाला. मताशी या शब्दाची गाठ पडली ती पुढे. आयपीएलच्या संघाला आपण फ्रँचायझी म्हणतो, तोही हाच शब्द.

[दृश्य: खाडीकाठची भातखाचरं]

इंग्रजी अमलात इथलं मतही सवलतीसारखंच होतं. 1919 आणि 1935 च्या कायद्यांत ते शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींना बांधलेलं. रत्नागिरी-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) सारा गोळा करणारा खोत, राबणारं कूळ. लहान कुळाला त्या अटींतून मतपेटीपर्यंत वाट कुठली? अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी 1933 मध्ये संप केला तो खोतांविरुद्ध, आणि तो वर्षानुवर्षं चालला.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. 1919 मध्ये मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताच्या अटी सैल करायला सांगितलं. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकारच मागितला. आणि 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. मला हा एकच लढा वाटतो. ज्याच्या पोटाची दोरी खोताच्या हातात, त्याचं मत त्याच्या हातात कसं राहणार?

राज्यघटनेच्या कलम 326 ने या अटी पुसल्या. उरली वयाची अट, आधी 21 आणि 1989 पासून 18. आज कायद्याने मत जातं ते मोजक्या कारणांनी: नागरिकत्व नसणं, न्यायालयाने मनोविकल ठरवणं, निवडणुकीतले काही गुन्हे. तुरुंगातल्या माणसालाही मत देता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धाला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून अडकवलेल्याला, तेवढी सूट.

वाडीतल्या माणसाचं नाव उडतं ते वेगळ्याच वाटेने. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 सांगतं, मतदारसंघात घर आहे एवढ्यावरून कुणी तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही. चाकरमान्याच्या काळजाला लागणारी ही ओळ आहे. पण लगेच पुढे तोच कायदा म्हणतो, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहतोच. तात्पुरतं म्हणजे किती, यावर सगळं अडतं. दोन ठिकाणी नाव ठेवायला मात्र कायद्याची ठाम मनाई आहे, आणि ती रास्तच आहे. 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान 7 मे रोजी झालं, मुंबईत 20 मे रोजी. दोन्हीकडे नाव असतं तर काय झालं असतं, सांगायला नको.

व्यापारी जहाजावरच्या खलाशाची तऱ्हा निराळी. यादीत नाव असतं, पण सैनिकासारखी टपाली मताची सोय त्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरी कमी होतं आणि सासरी चढवायचं राहून जातं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे 28 लाख बायकांची नावं गळली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच सांगितलं होतं.

[दृश्य: दाराच्या फटीत अडकलेला कागद]

गाव सोडल्याच्या कारणावरून नाव वगळण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची संधी द्यावी लागते, असं कलम 22 म्हणतं. पण नोटीस जाते गावच्या पत्त्यावर, आणि दाराला कुलूप. ही संधी कागदावरच राहते. मुंबईला पोचलेल्या माणसापर्यंत ती पोचवणं हे यंत्रणेचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपण एवढं करावं. गणपतीला गावी आलात की बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, किंवा मोबाइलवर यादी बघा. नाव नसेल तर नमुना 6 भरा, मुक्काम बदलला असेल तर नमुना 8. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत काहीही बदलता येत नाही, हातात ओळखपत्र असलं तरी.