पाणी चढणार हे धरूनच काठ सजवूया

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना पहिलं विचारतात, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कोण विसरेल? पण पूर ओसरला की कृष्णेची चौकशी थांबते. मला आज बोलायचंय ते त्या उरलेल्या महिन्यांबद्दल.

नदीकाठ सुंदर करायचा म्हटलं की काँक्रीटची भिंत, फरशी, रंगीत दिवे आणि कारंजं डोळ्यांसमोर येतं. सांगलीत हे एका पावसाळ्यात गाळाखाली जाईल. आपले जुने घाट बघा. काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, पाणी उतरलं की पुन्हा वर येतात. बांधणाऱ्यांनी पूर येणार हे आधीच धरलं होतं. आपणही तसंच करायला हवं. खाली दगडी पायऱ्या आणि बाक, मधे पूर सोसणारी करंज-उंबरासारखी झाडं, आणि स्वच्छतागृह, विजेच्या पेट्या अगदी वर. म्हाताऱ्या माणसांना धरायला कठडा आणि चाकाच्या खुर्चीला उतार हवाच. पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून कुणी नदीपासून तुटू नये.

यासाठी जागा कुठली? निळ्या पूररेषेच्या आतली. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, तिथवर ही रेषा असते. तिथे इमारत उभी करणं म्हणजे पाण्याची वाट अडवणं. तीच जमीन मैदान, बाग, पायवाट म्हणून राहिली तर पुरालाही जागा मिळते आणि आपल्यालाही. भराव टाकून ती बुजवली जात असेल, तर शेजाऱ्यांनी गप्प बसू नये. त्या भरावाने सरकलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरणार आहे.

आणि या सगळ्याच्या आधी शेरी नाला. शहराचं सांडपाणी नदीत मिसळत असताना काठावर कितीही बाकं टाका, संध्याकाळी नाकाला रुमाल लावून कोण बसेल? आधी सांडपाणी शुद्ध व्हावं, मग सुशोभीकरणाचा नारळ फुटावा, या क्रमावर मी ठाम आहे.

एक काम मात्र निधीसाठी अडत नाही. पाणी उतरायला लागलं की गाळ ओला असतानाच पायऱ्या धुवाव्या लागतात. वाळला तर कुदळीनेही निघत नाही. घाटाजवळच्या तालमी, मंडळं आणि पोहायला येणाऱ्या मंडळींनी आपापल्या पायऱ्या आत्ताच वाटून घ्याव्यात, खराटे, फावडी जमवून ठेवावीत, आणि पाण्याच्या टँकरसाठी महापालिकेकडे पावसाळ्याआधीच अर्ज द्यावा.

नमस्कार.